मंडळीत आपलं कोण? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळच्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, तिन्ही ल्युथरन मंडळींबद्दल (म्हणजे सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्युथर या जर्मन धर्मसुधारकाच्या परंपरेतली प्रोटेस्टंट चर्चं), दोन अमेरिकेतल्या मिनेसोटातून आणि एक आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातून, म्हणून तिन्ही एकत्रच घेतेय.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, मिस्टरांच्या नोकरीमुळे मिनिआपोलिसजवळ आलो. मराठी उपासना जवळपास कुठे नाही म्हणून घराजवळच्या ल्युथरन चर्चला जायला लागलो, वर्ष होऊन गेलं. लोक हसतात, हात मिळवतात, थंडी किती आहे त्यावर बोलतात, कॉफी हातात देतात आणि पार्किंगमध्ये पोचलं की विषय संपला. गावाकडे उपासना सुटली की अर्धा तास कंपाउंडातच जायचा, कुणाकडे आजारपण असलं की संध्याकाळी घरभक्ती, पाळकसाहेब स्वतः घरी येणार. इथे आम्हाला अजून कुणी घरी बोलावलं नाही. आमच्या रंगामुळे असेल का? मुलगा सातवीत आहे, तोही यायला कंटाळतो. चर्च बदलू का?

उत्तर : जय ख्रिस्त गं. बदलायची घाई नको करू, आधी त्यांच्या किचनमध्ये जा. हे मी इथे बरीच वर्षं ल्युथरन मंडळीत काढून सांगतेय. या लोकांत ओळख गप्पांतून होत नाही, शेजारी उभं राहून काम केलं की होते, आणि एकदा झाली की मग ती माणसं तुझ्यासाठी रात्री बर्फात गाडी काढतील.

रंगाचं विचारलंस ते मी उडवून लावणार नाही. ईएलसीए म्हणजे इथलं सगळ्यात मोठं ल्युथरन चर्च, १९८८ मध्ये तीन जुनी चर्चं एकत्र येऊन झालेलं, आणि अमेरिकेतल्या जास्तीत जास्त गोऱ्या चर्चसंस्थांमध्ये त्याची गणना होते. तेव्हा तुला कुणी खरंच तोडून बोललं असेल, मुलाला काही लागेलसं म्हटलं असेल, तर गप्प बसू नको, पास्टरची वेळ घे आणि समोर बसून सांग. पण नुसतं घरी बोलावलं नाही हे त्यातलं असेलच असं नाही. मिनेसोटातल्या लोकांना दुसऱ्याच्या आयुष्यात न विचारता शिरणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, आपल्याला न शिरणं म्हणजे परकेपणा वाटतो, आणि दोन्हीकडची माणसं मनाने चांगली असून वर्षभर एकमेकांची वाट बघत बसतात.

आणि एक लक्षात घे, ही मंडळी एकेकाळी तुझ्याचसारखी होती. नॉर्वे, स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्यांनी ही चर्चं उभी केली, कित्येक ठिकाणी पहिल्या महायुद्धापर्यंत उपासना त्यांच्याच भाषेत चालायची, आणि लेडीज एड नावाच्या बायकांच्या मंडळांनी जेवणं घालून, शिवणकाम विकून पैसे जमवले तेव्हा कुठे चर्चवर छप्पर चढलं. म्हणून तळघरातलं ते किचन त्यांच्यासाठी नुसतं किचन नाहीये, मंडळीचा अर्धा जीव तिथेच असतो.

सुरुवात कशी करायची ते सांगते. हॉलच्या दाराशी नाहीतर चर्चच्या ईमेलमध्ये साइनअपची यादी असते, आजकाल बऱ्याच ठिकाणी साइनअपजीनियस या वेबसाइटवर. त्यात कॉफी अवरला, म्हणजे उपासनेनंतरच्या कॉफीच्या कामाला, नाव टाक. आणि फ्युनरल लंचचं काम कोण बघतं ते ऑफिसमध्ये विचारून त्या बाईंना आपला नंबर दे. इथे कुणी गेलं की दफनानंतर सगळे चर्चमध्येच जेवतात, हॅमचे बन, हॉटडिश म्हणजे ओव्हनमध्ये एकाच भांड्यात भाजलेला पदार्थ, लोणची, आणि ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापलेले बार्स, आणि ते सगळं मंडळीतल्याच बायका करतात, अलीकडे पुरुषही असतात. तिथे तू बन भरायला उभी राहिलीस की शेजारची सत्तरीची बाई आपोआप बोलायला लागते, गेलेला माणूस कोण होता, त्याची बायको आता एकटी कशी राहणार, त्यांचं शेत कुठे होतं. वर्षभर कॉफी पिऊन जे कळलं नाही ते एका दुपारी भांडी पुसताना कळतं. आपल्याकडे सांत्वनाला गेल्यावर जसं न बोलावता चुलीचा ताबा घेतात ना, तसंच आहे, फक्त इथे आधी नाव लिहावं लागतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ते तुला विचारतील की आमच्यासाठी इंडियन जेवण कर ना एकदा. जरूर कर, प्रेमाने कर. पण तेवढंच करून थांबू नको. दर वेळी करी आणणारी बाई म्हणून राहिलीस तर पाहुणीच राहशील, कितीही कौतुक झालं तरी. कॉफीची मोठी अर्न धुवायचं काम घे, खुर्च्या लावायचं घे, ज्यात तुझ्या देशाचा काही संबंध नाही असं साधं काम घे.

तुला शांत काम आवडत असेल तर ऑल्टर गिल्ड, म्हणजे वेदीची तयारी बघणारा गट, बघ. शनिवारी एकदोघं जमून प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीची, तयारी करतात, छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांत रबरी फुगा दाबून द्राक्षारस थेंबाथेंबाने भरायचा, कापडं इस्त्री करून घडी घालायची, वेदीवरचे रंग बदलायचे, लेंटमध्ये म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात जांभळा, ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला लाल, बाकी बराच काळ हिरवा. उरलेला द्राक्षारस मोरीत टाकत नाहीत, बाहेर मातीत ओततात. नगरकडे ही सगळी तयारी पाळकबाई नाहीतर एखादी जुनी सिस्टर करायची आणि आपण फक्त बाकावर बसायचो, इथे मात्र तुझ्याच हाताने होईल आणि ज्याने कुणी पहिल्यांदा केलंय त्याला माहितीये की त्यानंतर रविवारची उपासना वेगळीच वाटते.

मिस्टरांना गाडी चालवायला आवडत असेल तर त्यांनी पास्टरला विचारावं, घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे उपासनेनंतर भाकर आणि द्राक्षारस घेऊन जाणारी माणसं बऱ्याच मंडळींत नेमलेली असतात आणि ती नेहमी कमीच पडतात. लेंटच्या बुधवारी संध्याकाळी सूप आणि ब्रेडचं साधं जेवण असतं आणि मग छोटी उपासना, तिथे गर्दी कमी, टेबलं छोटी, बोलायला रविवारपेक्षा बरं. आणि सप्टेंबरमध्ये लेबर डेनंतरच्या रविवारी देशभरातल्या ईएलसीए मंडळ्या सेवेचा दिवस पाळतात, पिवळे टीशर्ट घालून कुणी फूड शेल्फसाठी, म्हणजे गरजूंच्या मोफत धान्यकेंद्रासाठी, पाकिटं भरतं, कुणी शाळेच्या बॅगा, कुणी नदीकाठचा कचरा उचलतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी जा.

मुलाचं तर सोपं आहे. सातवी हेच इथे कन्फर्मेशनचे, म्हणजे मुलांनी स्वतः विश्वासाची कबुली देण्याच्या विधीआधीचे, वर्ग सुरू व्हायचं वय, आणि पुष्कळ मंडळ्या प्रत्येक मुलाला एक मोठा माणूस मेंटर म्हणून जोडून देतात. पास्टरला सांग की याला असा मेंटर द्या जो मासेमारीला नेईल किंवा हॉकी बघेल, नुसता धडा घेणारा नको. त्या एका माणसामुळे पोरगा टिकतो.

शेवटचं म्हणजे सभासद व्हा. वर्षभर जाताय पण नाव नोंदवलंय का ते तू लिहिलं नाहीस. गावच्या मंडळीचं पत्र आणून किंवा विश्वासाची कबुली देऊन होता येतं. साधारण जानेवारीत वार्षिक सभा असते, बजेट तिथे पास होतं, कौन्सिल तिथे निवडलं जातं, आणि मताचा हक्क त्यांनाच जे कन्फर्म झालेले आहेत आणि चालू किंवा मागच्या वर्षात ज्यांनी प्रभुभोजन घेतलंय आणि आपल्या नावाने काही ना काही देणगी दिलीये. म्हणून रोख थैलीत टाकण्यापेक्षा नावाचं एन्व्हलप घे. मत असलं की तुझ्या म्हणण्याला त्या हॉलमध्ये वजन येतं.

आणि घरी बोलवायचंच असेल तर तूच बोलाव गं. दोनच माणसं, रविवारी उपासनेनंतर, तारीख आधी ठरवून. वेळेवर येतील, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, तेव्हा भात आधीच लावून ठेव.

प्रश्न : मी नागपूरची, वय ६८. मुलाकडे सेंट पॉलला सहा महिन्यांसाठी आलेय, मुलगा आणि सून दिवसभर कामावर, मला भिंती खायला उठतात. शेजारची आजी मंगळवारी चर्चमध्ये क्विल्ट शिवायला बोलावते. मला गोधड्या छान येतात पण इंग्रजी जेमतेम, आणि आम्ही हिंदू, मुलगा म्हणतो धर्म बदलायला लावतील. जाऊ का?

उत्तर : काकू, जा, अगदी निःशंक मनाने जा. या क्विल्ट कुठे जातात ते मुलाला सांगा म्हणजे त्याचीही काळजी मिटेल. ल्युथरन वर्ल्ड रिलीफ म्हणून संस्था आहे, १९४५ मध्ये युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपला मदत करायला सुरू झाली, तिच्यातर्फे या क्विल्ट जगभरच्या निर्वासितांना, भूकंप-पुरातल्या माणसांना जातात. आणि नियमच असा की त्यावर क्रूस किंवा कुठलंही धार्मिक चिन्ह नको, झेंडा नको, लष्करी छापाचं कापड नको, कारण घेणारा कुठल्याही धर्माचा, कुठल्याही देशाचा असू शकतो, त्याला ते पांघरताना अवघडल्यासारखं व्हायला नको. जी माणसं पांघरुणाबद्दल एवढा विचार करतात ती तुमच्याशीही तसंच वागतील. सुरुवातीला किंवा कॉफीच्या वेळी छोटीशी प्रार्थना होईल, तेवढा वेळ शांत बसा, पुरे.

काम तुम्हाला डोळे झाकून जमेल. साधारण ६० बाय ८० इंच माप, वर जुन्या कापडांचे चौकोन जोडलेले, मध्ये भर, खाली अस्तर. फरक एवढाच की आपण गोधडीला कडेने आत आत येत धावदोरा घालतो, इथे थोड्या थोड्या अंतरावर जाड दोरा तिन्ही थरांतून ओवून वर घट्ट गाठ मारतात आणि टोकं कापतात. मोठ्या टेबलावर क्विल्ट पसरून चारही बाजूंनी बायका गाठी मारत सरकत जातात. त्यात इंग्रजी लागत नाही, सुई कुठे ते बोटाने दाखवलं की झालं. एखाद्या दिवशी तुमच्या हातचा धावदोरा त्यांना दाखवा, त्या बायका त्याच्यावरून तासभर हलणार नाहीत.

सहा महिन्यांत दर मंगळवारी गेलात तर बऱ्याच क्विल्टना तुमचा हात लागेल. आणि दोनतीनदा गेल्यावर मुलालाही एकदा न्यायला बोलवा, गाडीतच बसू नकोस, आत ये म्हणावं.

प्रश्न : सप्रेम सलाम. आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातल्या मराठी पट्ट्यातले, आमची मंडळी ल्युथरन, स्वीडिश मिशनऱ्यांच्या वेळची. गरजूंसाठी मदतनिधी आहे पण पेटीही एकाच घरात आणि वहीही तिथेच, जवळच्यांना मिळतं, बाकीचे कुरकुरतात. बोलायला गेलं की फूट पडेल म्हणतात. काय करावं?

उत्तर : भाऊ, सलाम. फूट बोलल्याने पडत नाही, वही बंद ठेवल्याने पडते. आणि तुम्ही ल्युथरन आहात म्हटल्यावर तुमच्याच घरातला दाखला देते, तो सभेत वाचून दाखवा.

१५२३ मध्ये जर्मनीत सॅक्सनीतल्या लाइस्निग नावाच्या गावच्या मंडळीने मार्टिन ल्युथरच्या सल्ल्याने सामायिक पेटीचे नियम केले आणि ल्युथरने स्वतः त्याला प्रस्तावना लिहून ते छापले. मंडळीचं सगळं उत्पन्न एका पेटीत. पेटी सांभाळायला दहा माणसं निवडायची, दोन सरदार-जमीनदारांतली, दोन नगरपरिषदेची, तीन गावातल्या नागरिकांतली आणि तीन आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांतली. आणि पेटीला चार वेगवेगळी कुलुपं, प्रत्येक गटाकडे एकेक किल्ली. म्हणजे जमीनदार कितीही मोठा असला तरी शेतकऱ्याने किल्ली आणल्याशिवाय पेटी उघडायची नाही! पाचशे वर्षांपूर्वी, ज्या काळात शेतकऱ्याला कुणी विचारत नव्हतं. वर्षातून तीनदा सगळी मंडळी जमायची आणि हिशेब समोर यायचा. त्या पैशातून अनाथ, म्हातारे, आजारी यांना मदत, धंदा बसलेल्या कारागिराला उधारी, शिक्षकांचे पगार, मुलींच्या शाळेसाठी बाई, दुष्काळासाठी धान्य. हे सगळं सुरळीत झालं असंही नाही, नगरपरिषद जुन्या मालमत्तेचा ताबा सोडेना आणि ल्युथरला मंडळीसाठी वर, राज्यकर्त्याकडे रदबदली करावी लागली. पण पुढे बऱ्याच गावांनी अशा पेट्या केल्या.

तुमच्याकडे आज पेटीच्या जागी बँकेत खातं काढा, मंडळीच्या नावाने, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं, आणि सह्या करणारे एकाच घरातले किंवा एकाच वाडीतले नकोत. निर्णयाला पाचसात जणांची कमिटी, त्यात बायका हव्यातच, कारण कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना आधी कळतं. वर्षातून तीनदा उपासनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचा, किती आले, किती औषधाला, किती फीला, किती धान्याला. घेणाऱ्याचं नाव मात्र कधीच वाचू नका, त्याची वही कमिटीपुरती राहू द्या.

आणि मदत फक्त मंडळीतल्यांनाच असा नियम असेल तर तोही काढा. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात तुमच्याच चर्चचं पाढरचं हॉस्पिटल आहे, तिथे येणाऱ्या आदिवासी पेशंटला कुणी विचारत नाही की तुझं नाव कुठल्या मंडळीत.

ज्या घराकडे आज पेटी आहे त्यांना सभेत सगळ्यांसमोर घेरू नका. आधी पाळकसाहेबांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा, इतकी वर्षं सांभाळलं त्याबद्दल मनापासून आभार माना, आणि नवीन कमिटीत त्यांनाही एक जागा द्या. जुनी वही तपासायचा हट्ट पहिल्याच दिवशी धरू नका, आधी शिल्लक किती ती सगळ्यांसमोर मोजून घ्या, दोघांच्या सह्या घ्या, आणि पुढचा हिशेब कोणत्या रविवारी वाचायचा ती तारीख त्याच बैठकीत ठरवून चर्चच्या फळ्यावर लिहा.