पोरगी इतिहास म्हणायली, काय करावं?

नीटचा निकाल लागला की लातुरात माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, इतिहासाला स्कोप काय आहे?" विचारणारे बहुधा वडील किंवा मामा असतात. मूल बाजूला खाली मान घालून बसलेलं असतं आणि "इतिहास" हा शब्द घरात एखाद्या आजाराच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारला जात असतो. अशा एका मुलीची गोष्ट घरच्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी धाराशिव जिल्ह्यातली, तेरजवळच्या एका गावची. दहावीला चांगले गुण, म्हणून लातूर. बारावी सायन्स, मग एक वर्ष रिपीट. दुसऱ्या निकालातही सरकारी एमबीबीएसचा आकडा दूरच राहिला. वडिलांना तिसरी खेप हवी होती. ती म्हणाली, मला इतिहास घ्यायचा आहे.

"दोन वरसं क्लासला घातली," वडील म्हणाले. "रूमचं भाडं, मेस, सगळं सोयाबीनवर. अन् आता ही इतिहास म्हणायली. बीए तर आमच्या गावातली पोरं शेळ्या राखत राखत करायलीत."

या बोलण्यावर चिडायचं नसतं, कारण ते खोटं नाही. आपल्याकडे अशी महाविद्यालयं आहेत जिथे बीएचा वर्ग फक्त हजेरीपटावर भरतो. मुलं परीक्षेच्या आधी गाईड घेतात आणि पदवी घेऊन बाहेर पडतात. वडिलांनी पाहिलेला इतिहास हाच होता. त्यांचा राग विषयावर नव्हता, आपली पोर त्या रांगेत जाऊन बसेल ही भीती होती.

मी मुलीला विचारलं की इतिहासच का. हे विचारावंच लागतं. हल्ली पुष्कळ मुलांना इतिहास म्हणजे पोवाडा, ड्रोनने घेतलेले किल्ले आणि पाठीमागे वाजणारा ढोल वाटतो. ती आवड खरी असते, पण ती शेकडो पानांचं वाचन सहन करेलच असं नाही. या मुलीचं उत्तर वेगळं होतं. शाळेत असताना तेरच्या लामतुरे संग्रहालयात सहल गेली होती. तिथले मणी, मातीच्या मूर्ती तिने पाहिल्या होत्या आणि तसेच मणी गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, पावसानंतर वर आलेलेही पाहिले होते. तिने गुरुजींना विचारलं होतं, "हे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे हे कुणी आणि कसं ठरवलं?" गुरुजी म्हणाले, पुस्तकात लिहिलंय.

काय घडलं एवढंच ज्याला ऐकायचं असतं त्याची हौस मालिकांवर भागते. कसं कळलं असं जो विचारतो त्याला या विषयात काम सापडतं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी लेखकाने पैठण आणि तगरचा माल भडोच बंदराला जातो असं लिहून ठेवलंय. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मुळात बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात. आणि रामलिंगप्पा लामतुरे हे त्याच गावचे. लोक शेतातून जे उचलून फेकत ते त्यांनी जपलं, म्हणून आज तिथे सरकारी संग्रहालय उभं आहे. (मणी सापडला तर खिशात घालू नये, संग्रहालयाला दाखवावा, हेही मी तिला तेव्हाच सांगून टाकलं.)

वडिलांना हे सगळं ऐकायला बरं वाटलं, पण त्यांचा प्रश्न तिथेच होता. मग मी त्यांना विचारलं, 2023 मध्ये तुम्ही नोंद शोधली का?

मराठवाड्यात हे विचारलं की कसली नोंद ते सांगावं लागत नाही. मराठा कुटुंबांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसीलच्या दप्तरखान्यातले बस्ते खाली निघाले. आपण निजामाच्या राज्यातले. त्या राज्यात आधी फारसी आणि 1880 च्या दशकापासून उर्दू ही सरकारी भाषा होती, गावपातळीवर मराठीच्या जुन्या मोडी लिपीत लिहिलेले कागद वेगळेच. कागद निघाले, पण वाचणार कोण? मोडी जाणणाऱ्या म्हाताऱ्यांना लोक घरी जाऊन शोधू लागले.

"आमचा कागद सोलापूरच्या एका माणसानं वाचून दिला," वडील म्हणाले. "पैसे घेतले त्यानं. बरोबरच आहे की. पण मॅडम, असलं काम रोज थोडंच निघतंय?"

प्रश्न चोख होता आणि मी तो टाळला नाही. नोंदींची लाट ओसरते, नुसत्या मोडीवर घर चालत नाही. पण जमिनीचे वाद, वतनं, इनामं, देवस्थानांचे हक्क यांचे जुने कागद कोर्टात येतच राहतात. आणि संशोधनात तर ही माणसं कमीच आहेत. मराठवाड्यात इतिहासात एमए झालेले पुष्कळ भेटतात. त्यांतले मोडी सरळ वाचणारे थोडे, आणि मोडीबरोबर उर्दू किंवा फारसी जाणणारे अगदी मोजके. माझं ठाम मत आहे की आपल्या भागातल्या मुलाने इतिहासाच्या पदवीबरोबर एक लिपी किंवा एक भाषा पहिल्या वर्षापासून धरली नाही, तर ती पदवी त्याला फार लांब नेत नाही.

मी मुलीला मोडीची मुळाक्षरं आणि एका जुन्या पत्राची झेरॉक्स दिली. म्हटलं, पंधरा दिवसांनी ये, जमेल तेवढं वाचून आण, कंटाळा आला तर तसंही सांग. ती आली तेव्हा निम्म्याच्या वर ओळी लावल्या होत्या. चुका होत्या, पण जिथे लागलं नाही तिथे अंदाजाने शब्द न भरता जागा कोरी सोडली होती. मला ते वाचलेल्या ओळींपेक्षा जास्त आवडलं.

मग आम्ही तिघं अभ्यासक्रमांकडे वळलो. इथे पालकांची सगळ्यात मोठी अडचण असते, कारण त्यांच्या लेखी इतिहास म्हणजे एकच कोर्स, बीए. प्रत्यक्षात वाटा बऱ्याच आहेत आणि त्या एकमेकींपासून चांगल्याच लांब जातात.

त्या मुलीसाठी सगळ्यात उपयोगी वाट वडिलांच्या कल्पनेतही नव्हती. तिची बायोलॉजीची दोन वर्षं वाया गेली असं ते धरून चालले होते. पुरातत्त्वात ती वाया जात नाहीत. उत्खननात जळके दाणे निघतात, हाडं निघतात, भांड्याच्या तळाशी चिकटलेलं काहीतरी निघतं. दाणा ज्वारीचा की गव्हाचा, हाड बैलाचं की हरणाचं, हे वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र शिकलेलं माणूस सांगतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याच कामाच्या प्रयोगशाळा आहेत आणि पुरातत्त्वाच्या पदव्युत्तर वर्गाला विज्ञानाचे पदवीधरही बसतात. म्हणजे बीएस्सी करून इतिहासाकडे येता येतं. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं टिकवण्याचं कामही रसायनशास्त्र जाणणाऱ्या माणसांच्या हातून होतं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची त्यासाठी वेगळी विज्ञान शाखा आहे. हे ऐकल्यावर वडील पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले.

दुसरी वाट सरळ इतिहासाची. बारावी सायन्सनंतर बीएला प्रवेश मिळतो, त्यात अडचण नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय घेता येतो, आणि तीन वर्षांवर थांबायचं की चौथं ऑनर्सचं वर्ष करायचं हे मागाहून ठरवता येतं. चौथं वर्ष केलं तर एमए एका वर्षाचं होतं. धाराशिव जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे, लातूर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. संभाजीनगरच्या विद्यापीठात इतिहासाबरोबर प्राचीन भारतीय संस्कृतीचाही अभ्यास होतो, आवारात स्वतःचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, आणि वेरूळ-दौलताबाद तर एसटीने जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं. 1958 मध्ये हे विद्यापीठ निघण्याआधी इथली मुलं हैदराबादला उस्मानियात जायची.

हैदराबादचा रस्ता मी आजही मुलांना दाखवते, आणि पुण्याच्या आधी दाखवते. मराठवाड्याचा इतिहास लिहायचा तर निजामकाळाचं दप्तर हैदराबादच्या तारनाक्यात, तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात आहे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात इतिहासाचं एमए आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेने होतो, तीच परीक्षा दिल्लीच्या जेएनयूलाही चालते. जेएनयूत प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक यांतला एक काळ धरून खोल जाता येतं. केंद्रीय विद्यापीठांची फी लातूरच्या एका वर्षाच्या क्लासच्या फीसमोर काहीच नाही. ही तुलना मी मुद्दाम करते, पालक कागद पुढे ओढून आकडे लिहायला लागतात.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगितल्या. वस्तुसंग्रहालयशास्त्र शिकायचं तर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, तिथला विभाग 1952 पासूनचा. कलेचा इतिहास आणि वस्तूंचं जतन शिकवणारी संस्था दिल्लीजवळ नोएडात आहे. बोलकं मूल असेल तर पर्यटनाचा अभ्यासक्रम आणि एक परदेशी भाषा. अजिंठ्याला जपानी समजणाऱ्या गाईडला मान आहे. घर सोडता येत नसेल तर इग्नूतून इतिहासाचं एमए होतं, फक्त स्वतः वाचण्याची शिस्त हवी.

नोकरीचं मी गोड करून सांगत नाही. प्राध्यापक व्हायचं तर एमए, त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, पुढे पीएचडी. एवढं करूनही कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर वर्षं काढणारे लोक आपल्या ओळखीत आहेत, वडिलांच्याही ओळखीत होते. शाळेसाठी बीएड, मग टीईटी ही पात्रता परीक्षा, टेट ही अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट. पुरातत्त्व खात्यातल्या जागा थोड्या असतात आणि कधी निघतील याचा भरवसा नसतो. म्हणून दोन वाटा एकाच वेळी चालू ठेवाव्यात, एक मनाची आणि एक पोटाची, आणि निदान पहिली तीन वर्षं दोन्हींचा अभ्यास सारखाच असेल असं बघावं.

वडिलांनी शेवटी लग्नाचं काढलं. बीए पोरीला स्थळ कसलं येणार. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, काका, तीन वेळा नीट देऊन घरी बसलेल्या पोरीला कसलं येतंय ते तुम्हीच बघा. ते हसले नाहीत, पण पुढे तो विषय निघाला नाही.

ठरलं ते असं. बीएस्सीची वाट तिने स्वतःच सोडली. तिला हाडांपेक्षा कागद आवडले होते. इतिहास मुख्य, भूगोल मायनर, कारण नकाशा वाचता न येणारा इतिहासकार मला अपुरा वाटतो आणि वडिलांना भूगोल ऐकून धीर आला. महाविद्यालय निवडण्याआधी तिला तिथे पाठवलं, प्राचार्यांना भेटायला नव्हे, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना भेटायला. इतिहासाचे तास आठवड्यात खरंच किती होतात, शिकवणारे कायम आहेत की दर वर्षी बदलतात, ग्रंथालयातून पुस्तक घरी मिळतं का, अभ्याससहल कुठे गेली होती, एवढंच विचारायचं होतं. पहिल्या ठिकाणी सहलीचं उत्तर वॉटरपार्क आलं. ते तिने तिथेच सोडलं. दुसऱ्या ठिकाणी तास होत होते.

उर्दू अक्षरं ती गल्लीतल्या उर्दू शाळेच्या एका बाईंकडे शिकली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, बदल्यात त्यांच्या मुलीला हिने बायोलॉजी शिकवलं. सध्या तिसरं वर्ष चालू आहे. चौथं इथेच करून एका वर्षाचं एमए घ्यायचं, की तीन वर्षांवर थांबून सीयूईटी-पीजी देऊन हैदराबाद गाठायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. मी हैदराबाद म्हणते. तिला आधी फारसी लागेल असं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात तिचे वडील भावकीतल्या एका मुलाला घेऊन आले. "ह्यालाही इतिहास द्या," म्हणाले. मुलाचा हिशेब तयार होता. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषय आला, म्हणून बीए इतिहास करतो. मी विचारलं, मागच्या महिन्यात अभ्यासाबाहेरचं काय वाचलंस? त्याने मोबाइलमधला शेअर बाजाराचा तक्ता काढून दाखवला आणि दहा मिनिटं न अडखळता समजावून सांगितला. वैकल्पिक विषय पदवीचाच असावा लागत नाही. त्याला मी अर्थशास्त्राला पाठवलं.