शेवटचं इंजेक्शन देताना मालकांना काय सांगायचं?

प्रश्न: डॉक्टर, मी प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. खूप आजारी प्राण्याला शांतपणे मरण यावं म्हणून देतात ते शेवटचं इंजेक्शन देताना प्राण्याला धरायला बहुतेक मीच असते. मध्यंतरी एक म्हातारा कुत्रा गेल्यावर डोळे उघडेच राहिले आणि थोड्या वेळाने त्याने मोठा श्वास घेतला, तर त्याच्या ताई ओरडायलाच लागल्या की अहो जिवंत आहे तो, थांबवा! मला काही बोलताच आलं नाही. शिवाय लोक विचारतात, तुमचा असता तर काय केलं असतं? आणि घरी गेलं तरी हे डोक्यातून जात नाही.

उत्तर: ताईंना जे दिसलं ते नेहमी होतं, फक्त त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. या इंजेक्शनात असतं ते पेन्टोबार्बिटल म्हणजे भुलीचंच औषध, पण जास्त डोसमध्ये. शिरेतून गेलं की आधी शुद्ध हरपते, तीही काही सेकंदांत, मग श्वास आणि हृदय थांबतं, त्यामुळे नंतरचा तो श्वास, स्नायू थरथरणं, लघवी होणं, यातलं त्याला काहीच जाणवत नाही. डोळे तर बहुतेकांचे उघडेच राहतात. हे सगळं इंजेक्शनच्या आधी शांतपणे सांगा, नंतर सांगून उपयोग नाही, तेव्हा कुणाला काही ऐकू येत नसतं. आणि एक गोष्ट फार जण विसरतात, आधी गुंगीचं औषध देणार असाल तर जे बोलायचं, कुरवाळायचं ते त्याच्या आधी करू द्या, कारण गुंगी चढली की तो मालकाकडे बघतही नाही आणि माणसं कायमची हळहळत राहतात. सह्या, बिल, दफन की दहन हेही आधीच उरका. पुरणार असतील तर खड्डा खोल हवा, औषध शरीरात राहतं, दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर त्याला विषबाधा होते.

'तुमचा असता तर' याचं उत्तर तुम्ही देऊ नका, खरंच नका देऊ, निर्णय त्यांचाच राहू द्या. पण त्यांना एकटं सोडायचं असंही नाही. अमेरिकन पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी 2004 मध्ये आजारी प्राण्याचं जगणं किती सुसह्य आहे हे मोजायचा एक स्केल काढला, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला 0 ते 10 मार्क, स्थिती जितकी चांगली तितके जास्त (वेदना कमी तर मार्क जास्त), बेरीज 35 च्या वर असेल तर अजून सांभाळायला हरकत नाही. आकड्याला चिकटून बसू नका, पण रोज लिहून ठेवलं की जे डोळ्यांसमोर असूनही मान्य होत नाही ते कागदावर दिसायला लागतं. मांजरं दुखणं लपवतात, त्यांच्या बाबतीत तर ही वही फार कामाची.

आता तुमचं. जीव लावून काम करणाऱ्यालाच हा त्रास होतो, तो गिळू नका. डॉक्टरांशी स्पष्ट बोला, अशा केसेस लागोपाठ ठेवू नका, धरायची पाळी आलटून पालटून लावा, आणि झाल्यावर पुढचा पेशंट घ्यायच्या आधी पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या. एवढं करूनही झोप लागत नसेल किंवा प्राण्याला हात लावायलाच नको वाटायला लागलं तर काउन्सेलरला भेटा, लवकर भेटा.