'उंदीर पडणे' आणि ब्लॅक डेथ

प्रश्न असा होता की प्लेगच्या जुन्या आठवणींत 'वाड्यात उंदीर पडायला लागले' असं येतं, तर हे पडणं म्हणजे काय, आणि युरोपातल्या ब्लॅक डेथवर, म्हणजे चौदाव्या शतकातल्या तिथल्या मोठ्या साथीवर, मराठीत लिहिताना ते वापरलं तर चालेल का.

पडणं म्हणजे इथे मरणं. गावाकडे 'ढोर पडलं' म्हणतात ना, अगदी तेच. १८९६ला मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढे गावोगाव लोक एकच खूण ओळखायला शिकले, उंदीर पडला की घर सोडायचं आणि माळावर झोपडी घालून राहायचं. ते बरोबरच होतं, कारण मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं रक्त शोधतात, मग थोड्या दिवसांत माणसांच्या जांघेत नाहीतर काखेत गाठ येते.

आता दुसरा भाग, आणि मला हाच जास्त महत्त्वाचा वाटतो. १३४७ ते १३५१च्या युरोपातल्या लिखाणात माणसांच्या गाठींची वर्णनं भरपूर आहेत पण उंदीर पडल्याचं जवळजवळ कुठेच नाही! यावरूनच ती साथ प्लेगचीच होती का, असा मोठा वाद झाला. प्राणिशास्त्रज्ञ ग्रॅहम ट्विगने १९८४मध्ये म्हटलं की तो अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांकडून माणसांना होणारा रोग असावा, संशोधक स्कॉट आणि डंकन यांनी २००१मध्ये इबोलासारख्या व्हायरसवर बोट ठेवलं, आणि इतिहासकार सॅम्युअल कोनने तर आपल्याकडच्या प्लेगशीच तुलना केली, की इथे रेल्वे असूनही साथ हळू सरकली मग तिकडे चार-पाच वर्षांत अख्खा खंड कसा व्यापला?

जंतूचं उत्तर दातांतून मिळालं. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डला १३४८-५०च्या साथीतले लोक पुरलेत, त्यांच्या दातांतल्या डीएनएवरून २०११मध्ये येर्सिनिया पेस्टिसचा, म्हणजे प्लेगच्या जंतूचा, जवळजवळ पूर्ण जीनोम (त्याची सगळी जनुकीय माहिती) जुळवला गेला. म्हणजे तो प्लेगच, माझ्या मते यात आता शंकेला जागा नाही. पण तो पसरला कसा यावर अजून वाद चालूच आहे, २०१८च्या एका अभ्यासात आकडेमोड करून असं दाखवलं की मृत्यूंचे आकडे उंदरांपेक्षा माणसांच्या अंगावरच्या उवा-पिसवांशी जास्त जुळतात.

त्यामुळे मुंबई-पुण्याबद्दल 'उंदीर पडले' खुशाल लिहा, १३४८च्या लंडनबद्दल मात्र नको, तिथे सरळ 'प्लेगची साथ आली' म्हणावं, नाहीतर ज्या गोष्टीवर वाद आहे तीच आपण घडली म्हणून सांगून मोकळे होतो.