‘वर्षअखेर एक तरी काम विकून दाखव’

रावपुऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतात. मुलगी बडोद्याच्या फाइन आर्ट्सला पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ते लिहितात: ‘बारावी कॉमर्सला ८४ टक्के होते, सी.ए. सहज झाली असती. आता म्हणते, गॅलरीकडे जायचं नाही, विकण्यासाठी काही करायचं नाही, कन्सेप्चुअल काम करायचं. वर्षभर आजीजवळ बसून एक चोपडा भरतेय. तिच्या कपाटातून काढून तो मी ओळखीच्या फ्रेमवाल्याला दाखवला. तो म्हणाला, यात फ्रेम करण्यासारखं काय आहे? मी तिला सांगितलंय, वर्षअखेर एक तरी काम विकून दाखव, नाहीतर पुढची फी भरणार नाही. तिला अप्लाइड आर्टला घालता येईल का?’

नमस्कार.

अप्लाइड आर्ट चांगला कोर्स आहे, ज्यांना जाहिरात, पॅकेजिंग, इलस्ट्रेशन करायचंय त्यांच्यासाठी. डिझाइनकडे जायचं तर एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा आहे, आयआयटीतल्या डिझाइनसाठी यूसीड आहे. तुमच्या मुलीला यातलं काहीच नकोय आणि तिसऱ्या वर्षातून तिला उचलून दुसरीकडे बसवण्यात मला अर्थ दिसत नाही. तो विषय इथेच सोडते.

मी अडकले ती फ्रेमवाल्यापाशी. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीचं अर्धवट काम तिला न विचारता कपाटातून काढायचं, दुकानात नेऊन किंमत विचारायची आणि ती आली नाही म्हणून फी थांबवण्याची धमकी द्यायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. तुमच्या टेबलावरचा अपुरा ताळेबंद उचलून कुणी बाहेर दाखवला असता तर तुम्ही त्याला सोडलं असतं का? तुमची काळजी खरी आहे, ती पत्राच्या ओळीओळीत दिसते. पण त्या दिवशी मुलीला एवढंच कळलं असेल की घरात आपलं काही सुरक्षित नाही. तिची माफी मागा. अटीचं पुढे बघू.

पत्रासोबत तुम्ही चोपड्याच्या एका पानाचा फोटो पाठवलात, तो मी बराच वेळ पाहिला. लाल बांधणीचा, दिवाळीला पेढीवर पुजतात तसा चोपडा. सुवाच्य अक्षरात नोंदी: दूध तापवलं, ६.१०. डबा भरला, ७. मेथी निवडली, ११.२०. उशीचा अभ्रा शिवला, ३.४०. आणि समोरचा रकमेचा रकाना पानभर कोरा. आजीने त्या दिवशी केलेलं काम, जे कुणाच्याच हिशेबात कधी धरलं गेलं नाही, ते तुमच्या मुलीने हिशेबाच्याच वहीत मांडलंय. फ्रेमवाला चुकला नाही, फ्रेम करण्यासारखं त्यात काही नाहीच. पण तुमची हयात रकाने भरण्यात गेली. तुम्ही ते पान वाचायला हवं होतं.

आता एक गैरसमज, जो तुमच्यासारख्या बऱ्याच पालकांना असतो आणि मुलांनाही असतो. बाजाराबाहेर राहणारा कलावंत म्हणजे पैशाचं भान नसलेला माणूस, असं धरून चालतात. कन्सेप्चुअल कलेचा इतिहास तसं सांगत नाही. या कलेत वस्तूपेक्षा कल्पना महत्त्वाची, म्हणून १९६०च्या दशकात अनेकांना वाटलं की आता विकायला काही उरलंच नाही. बाजाराने काम कसं घडवायचं याच्या सूचना लिहिलेले कागद आणि ते काम कुणाचं याची प्रमाणपत्रंही विकून दाखवली. मग १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा कलेची प्रदर्शनं भरवणारे सेथ सीगेलॉब यांनी वकिलाला हाताशी धरून कलावंतांसाठी एक करारनामा तयार केला. काम पुन्हा विकलं गेलं तर वाढलेल्या किमतीतले १५ टक्के कलावंताला मिळावेत, असं त्यात लिहिलं होतं. आपल्याकडे कलावंत नवजोत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागावला तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर हातपंपांच्या जागा नव्याने बांधल्या. भरलेला हंडा डोक्यावर घेण्याआधी टेकवता यावा म्हणून भिंतीत कोनाडे ठेवले. तो कोनाडा कुणी दिवाणखान्यात नेऊन लावणार नाही. पण सिमेंट कुठून आलं, मजुरी कुणी दिली, हे प्रश्न तिथेही होतेच. विकायचं नसेल तर उलट हिशेब जास्त नेमका लागतो, कारण पैसा दुसरीकडून आणावा लागतो.

तो कसा आणायचा, हे बडोद्यात नवीन नाही. भूपेन खख्खर तर तुमच्याच पेशातले. मुंबईत सी.ए. झाले, १९६२ मध्ये इथे आले आणि वर्षानुवर्षं इथल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत अर्धवेळ हिशेब बघत चित्रं काढत राहिले. पुढे त्यांची चित्रं विकली गेली, नाव झालं, ते सोडा. आधीची इतकी वर्षं घर चित्रांवर चालवायची सक्ती नव्हती, माझ्या लेखी ते जास्त मोलाचं. चित्रकार नसरीन मोहमदी १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत याच फॅकल्टीत शिकवत होत्या. त्यांची छायाचित्रं त्यांच्या हयातीत प्रदर्शनात लागलीही नाहीत. मुलगी उद्या प्रसिद्ध होईल असं आश्वासन मी देत नाहीये, ते कुणीच देऊ नये. पोट एका कामावर आणि कला दुसऱ्या कामात, ही वाट इथल्या लोकांनी शहाणपणाने चालून दाखवली आहे.

तुमची अट म्हणूनच मला चुकीची वाटते. एका वर्षात एक काम विकलं गेलं, समजा तुमच्याच ओळखीच्या कुणी भिडेखातर घेतलं, तर काय सिद्ध होणार? आणि नाही विकलं गेलं तर? तिचं पुढचं भाडं कोण भरणार, हा तुमचा खरा प्रश्न. तो तसाच सरळ विचारा.

आता मुलीला चार शब्द. हे तिला वाचायला द्या.

बाळ, बाजाराला नाही म्हणण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. पण बाबांच्या पगारावर बसून नाही म्हणत राहिलीस, तर तो स्वतंत्रपणा मी मानणार नाही. पदवीनंतरची दोन वर्षं कागदावर मांड: खोली, जेवण, साहित्य, प्रवास. कमाईसाठी आठवड्यातले तीन दिवस राखून ठेव. शाळेत चित्रकला शिकवणं, संग्रहालयात नोंदणीचं काम, प्रदर्शनांची मांडणी, दुसऱ्या कलावंतांच्या कामाचं डॉक्युमेंटेशन, यातलं जे जमेल ते. अकाउंट्स तुला येतं, ते लपवू नकोस, अर्धवेळ हिशेबाचं काम इतर कशाहूनही लवकर मिळेल. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. तिच्या अटी आधी नीट वाच. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स प्रकल्पांना अनुदान देते, दिल्लीची खोज संस्था रेसिडेन्सी, म्हणजे काही काळ तिथे राहून काम करण्याची सोय देते. या सगळ्यांना अर्ज लागतो आणि अर्जात आपलं काम साध्या भाषेत सांगावं लागतं. चोपड्याबद्दल एक पान मराठीत लिही आणि आधी आजीला वाचून दाखव. तिला कळलं नाही तर पुन्हा लिही.

आणि बाबा, पदवीपर्यंतची फी विनाअट भरा. त्यानंतर तुम्ही महिन्याला किती देऊ शकता आणि किती महिने, हा आकडा आधी तुम्ही सांगा. मग तिचा कागद मागा.