टीएचा पगार धरून घराचं कर्ज वाढवू का?

करवीरमधून एका दादांचं पत्र आलंय. वय 31, जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक, हातात पगार 39,000. गाव सैनिक टाकळी. आजोबा आणि दोन चुलते फौजेत, यांचं मात्र भरतीत राहून गेलं. आता कोल्हापूरच्या 109 टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नोकरी सांभाळून करायची प्रादेशिक सेना) बटालियनच्या भरतीत उतरायचंय. उचगावला फ्लॅट बघून ठेवलाय आणि टीएचे पैसे धरून 20 ऐवजी 28 लाखांचं कर्ज काढायचा विचार आहे. विचारतात, हिशेब बरोबर आहे का?

दादा, टीएत जरूर जा. वयाची अट 42 पर्यंत आहे, तुमच्या हातात वेळ आहे आणि घरात ती परंपरा आहे. कर्ज मात्र 20 लाखांवरच थांबवा.

तुमचा हिशेब मी वहीवर मांडून बघितला. वर्षाला साधारण दोन महिने टीएचा प्रशिक्षण कॅम्प. तेवढ्या काळात जवानाचं मूळ वेतन 21,700 आणि लष्करी सेवा वेतन 5,200; त्यावर महागाई भत्ता धरला की महिना चाळीस-बेचाळीस हजारांच्या घरात जातो. दोन महिन्यांचे 84,000, बारांनी भागले की महिना 7,000. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी आठ लाखांचा हप्ता येतो 6,940. आकडे असे चपखल बसले म्हणूनच तुम्हाला मोह झाला, आणि मला काळजी वाटली.

कारण हा सगळा डोलारा एका गृहितावर उभा आहे: कॅम्पच्या दोन महिन्यांत झेडपीचा पगारही पूर्ण चालू राहणार. तुमचे मेहुणे म्हणतात, अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांना वर्षाला 20 दिवस पगारी लष्करी रजा मिळते. खरं आहे. पण तो तिथला कायदा, आणि तोही 20 दिवसांचा. पोस्टातल्या मित्राचा दाखला तुम्ही दिलाय, तोही तुम्हाला लागू पडत नाही. तो केंद्राचा माणूस, तुम्ही राज्याच्या सेवानियमांतले.

आता उलटी बाजू बघा. समजा ते दोन महिने सेवापुस्तकात ‘असाधारण रजा’, म्हणजे बिनपगारी रजा म्हणून चढले. झेडपीचे 78,000 गेले, फौजेचे 84,000 आले. खड्डा भरला, वर उरले सहा हजार. शिवाय एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) सरकारचा 14 टक्के हिस्सा त्या दोन महिन्यांचा पडणार नाही. तुमचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता 40,000 धरलं तर ते 11,200 रुपये. म्हणजे वर्षाच्या शेवटी तुम्ही पाच हजारांनी मागेच. वार्षिक वेतनवाढ पुढे ढकलली गेली तर आणखी. आणि 28 लाखांचा हप्ता, 24,300, दर पाच तारखेला खात्यातून जातच राहणार.

म्हणून भरतीसाठी ना हरकत प्रमाणपत्र मागाल ना, त्याच अर्जात सामान्य प्रशासन विभागाला लेखी विचारा: कॅम्पचा काळ कर्तव्यकाळ धरणार, विशेष नैमित्तिक रजा देणार, की अर्जित रजेतून वळता करणार? वेतनवाढ आणि एनपीएसचं काय? टेबलावरच्या साहेबांनी ‘होऊन जाईल’ म्हटलं तर त्यावर विसंबू नका, साहेब बदलून जातात. जावक क्रमांक असलेलं पत्र घ्या.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष सेवेवर बोलावण्याची. 6 मे 2025 च्या आदेशाने केंद्राने लष्करप्रमुखांना टीए बोलावण्याचे अधिकार दिले. 32 पायदळ बटालियनपैकी 14, मुदत 9 फेब्रुवारी 2028 पर्यंत. म्हणजे दोन महिन्यांची दोन वर्षं होऊ शकतात. नोकरीची धास्ती नको, 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्यात परत कामावर घेण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे आणि भविष्य निर्वाह निधीचे हक्कही राखलेले आहेत. पण त्या काळात घर फौजेच्या पगारावर चालेल, आणि वहिनींचं शिवणकाम सणासुदीलाच जोरात असतं. 20 लाखांचा 17,400 चा हप्ता त्यात निभावतो. 24,300 चा नाही.

टीएच्या पेन्शनचंही तुम्ही लिहिलंय. ती आशा हिशेबातून काढा. जवानाला 15 वर्षं प्रत्यक्ष सेवा लागते. वर्षाला दोन महिन्यांनी 20 वर्षांत जमतात 40 महिने.

मग टीएचे पैसे करायचे काय? पहिल्या कॅम्पपासून जे उरेल ते सगळं बाजूला ठेवा, सहा हप्त्यांएवढे, म्हणजे लाखभर होईपर्यंत. त्यानंतर दरवर्षी जे खरोखर उरेल ते कर्जात भरा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड बँक लावू शकत नाही. आठ लाखांनी लहान फ्लॅट घ्यावा लागेल, हे मला कळतं. वहिनींनी गॅलरीत मशीन कुठं मांडायची हेसुद्धा ठरवलंय असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. तरीही माझं मत तेच.

टर्म विमा एक कोटीचा आधी घ्या आणि टीएत जाणार असल्याचं अर्जात स्पष्ट लिहा. अपघाती रायडर घेतलात तर युद्धाचा अपवाद आहे का ते वाचा. हप्त्याचं खातं वहिनींसोबत संयुक्त करा, ‘दोघांपैकी कुणीही’ अशा सूचनेसह. तुम्ही सीमेवर असताना सहीसाठी काही अडायला नको.

बिल्डर या रविवारी विसार मागतोय म्हणता. झेडपीचं पत्र हातात येईपर्यंत देऊ नका.