मुलीला एकच कला धरायला लावू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीला आहे, चित्रं काढते, गाणी लिहून स्वतःच चाली लावते, आता व्हिडिओ एडिटिंगचं वेड लागलंय आणि घरातले सगळे म्हणतात एक ना धड भाराभर चिंध्या, तर बाकीचं सोडून एकच धर असं तिला सांगू का, हा तुमचा प्रश्न. नका सांगू. फक्त एक नीट बघा, ती नवीन गोष्टीकडे वळते कधी? जुनी अवघड वाटायला लागली की, का हातातल्या कामाला गरज पडली म्हणून? तुम्हीच लिहिलंय की गाण्याला व्हिडिओ हवा होता म्हणून ती एडिटिंग शिकली आणि रात्री जागून तो पूर्ण केला. अख्ख्या पत्रात मला हे वाक्य सगळ्यात जास्त आवडलं, कारण पूर्ण केला!

सत्यजित रे बघा ना. १९४३ पासून जाहिरात कंपनीत नोकरी, जोडीला पुस्तकांची कव्हरं. 'पथेर पांचाली' या बंगाली कादंबरीच्या मुलांसाठीच्या आवृत्तीला चित्रं काढली आणि तिथूनच सिनेमाचं डोक्यात बसलं, मग नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शूटिंग, मध्येच पैसे संपले म्हणून काम बंद, असं करत सिनेमा आला १९५५ ला. हातात रीतसर स्क्रिप्ट नव्हती, सीनची स्केचेस होती, म्हणजे चित्रकाराचा हातच तिथे कामाला आला. आपल्या सिनेमांना संगीत स्वतः द्यायला लागले ते १९६१ पासून. एकेक गोष्ट अशी कामातून जोडली गेली, आणि तोवर घर चालवायला नोकरी होती.

म्हणून तिला सांगा, पोटापाण्यासाठी एक कला पक्की कर, म्हणजे डेडलाइन, क्लायंटचे बदल, बिल, अॅडव्हान्स या सगळ्यासकट. तुमच्या पत्रावरून मला एडिटिंग किंवा ग्राफिक डिझाइन बरं वाटतंय, त्यात कामं मिळत राहतात, पण निवड तिची असू दे. गाणी चालू राहतीलच. काही महिने पैसे येतील, काही महिने नाही येणार, हे मात्र तिला आत्ताच स्पष्ट सांगा, लपवू नका.

आणि काम मागताना "मला सगळं येतं" म्हणायचं नाही. लिओनार्दो दा विंचीने साधारण १४८२ मध्ये मिलानचा कारभार बघणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागायला जे पत्र लिहिलं त्यात आधी पूल, तोफा, युद्धाची यंत्रं, आणि चित्रकला पार शेवटी! समोरच्याला काय हवंय ते त्याला बरोबर कळलं होतं. तिनेही प्रत्येक कामासाठी पोर्टफोलिओ वेगळा लावावा, पूर्ण झालेलीच कामं ठेवावीत, आठ असली तरी चालतील.

परीक्षा झाली की अर्धवट पडलेल्यातलं कुठलंही एक काम तिला पुरं करू दे, आणि मग ते आणि तो गाण्याचा व्हिडिओ, दोन्ही मला पाठवा, बघून कोर्सचं बोलू.