झँकस, टर्बिनेला आणि आपला शंख

प्रश्न असा आहे: मत्स्यविज्ञानाच्या एका जुन्या पुस्तकात पूजेतल्या शंखाचे शास्त्रीय नाव 'झँकस पायरम' दिले आहे, नव्या पुस्तकात 'टर्बिनेला पायरम'. यातले बरोबर कोणते? आणि 'झँकस'चा 'शंख'शी काही संबंध आहे का?

संबंध आहे, अगदी सख्खा. इंग्रजीत या शंखाला 'चँक' म्हणतात. तो 'शंख'चाच अपभ्रंश, आणि 'झँकस' हे त्याच शब्दाचे लॅटिन वळणाचे रूप. या नावाचे पहिले अक्षर एक्स. पोर्तुगीजांत त्याचा उच्चार 'श' होतो. गोव्यात शेल्डे गावाचे नाव रोमन लिपीत एक्सनेच सुरू होते. त्या वळणाने वाचा, 'शंकस' ऐकू येईल.

हॅम्बुर्गच्या बोल्टन यांचा शंखशिंपल्यांचा संग्रह विकायला निघाला, तेव्हा रोडिंगने त्याची यादी छापली. साल 1798. 'झँकस' त्या यादीतले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लामार्कने 'टर्बिनेला' दिले 1799 मध्ये. प्राणिनामांचा नियम सांगतो, जे आधी छापले ते खरे. म्हणजे एका वर्षाने 'झँकस' जिंकायला हवे होते, आणि काही काळ बऱ्याच अभ्यासकांनी ते वापरलेही. पण 'टर्बिनेला' त्याआधीच रूढ झालेले होते. अखेर आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण आयोगाने आपला खास अधिकार वापरून 'झँकस' बाद केले. म्हणून आज 'टर्बिनेला पायरम' हेच लिहावे. रूढ नाव टिकवणे मला पटते, तरी आपला शब्द शास्त्रातून गेला याची हळहळ वाटतेच.

'टर्बो' म्हणजे भोवरा, 'टर्बिनेला' छोटा भोवरा. 'पायरम' म्हणजे नासपती. हे विशेषण नसून नाम आहे, त्यामुळे 'टर्बिनेला' स्त्रीलिंगी असूनही 'पायरम' बदलत नाही. विशेषण असते तर आपल्या 'चांगला-चांगली'सारखे लिंगाप्रमाणे फिरले असते.

नावापुढे ही जात प्रथम नोंदवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आणि साल, 'लिनियस, 1767', कंसात लिहितात. तो कंस गाळू नका. लिनियसने ही जात वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये), 'व्होल्युटा'त, घातली होती, हे तो कंस सांगतो. तिथे का घातली, हे हातातला शंखच दाखवेल. उलटा धरून त्याच्या तोंडात उजेड पाडा: मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या दिसतील. 'व्होल्युटा'ची ओळख तशाच वळ्यांवरून होत असे.